हात आपटायचा नाही

८ जानेवारी

दादा,

वाकून नमस्कार. फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं, पण वर्गातल्या खालच्या पट्ट्याच्या शिष्याने वरच्याला फोन करायचा नाही, हाताने पत्र लिहायचं, हा सरांचा नियम मला तुम्हीच शिकवलात. तुम्ही आता शीतगृहाच्या नोकरीपायी दुसऱ्या शहरात असलात म्हणून तो काही बदलत नाही.

गेल्या मंगळवारी आम्ही हॉलमध्ये नेहमीसारखे पट्ट्यांच्या क्रमाने गुडघ्यांवर बसलो होतो. तुम्ही गेल्यापासून रांगेत पहिला मी. सर आले, माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "नवीन का तुम्ही?"

मी हसणारच होतो, तोंड आवळलं म्हणून बरं. सर पुढे म्हणाले की नवीन माणसाने रांगेच्या शेवटी बसायचं असतं, आणि काळा पट्टा दुकानातून आणून बांधायचा नसतो. एकवीस वर्षं त्यांनी मला "अरे चष्मेवाल्या" याखेरीज हाक मारलेली नाही, आणि आता अहो-जाहो. मी "हो सर" म्हटलं आणि बसून राहिलो. शुक्रवारी सगळं ठीक होतं, माझ्या डाव्या पायाच्या जागेवरून दोन शिव्यासुद्धा मिळाल्या. मला हायसं वाटलं. आज पुन्हा, "नवीन का तुम्ही?"

दादा, माझं काय चुकलंय? तुमच्या काळ्या पट्ट्याच्या तिसऱ्या पायरीआधी सर तुमच्याशी चार महिने बोलले नव्हते, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. हे तसंच काही आहे का? सरांना विचारायची सोय नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

तुमचा,
चष्मेवाला

*

१५ जानेवारी

प्रिय मुला,

तुला काकूचं पत्र आलेलं पाहून नवल वाटेल. तुमच्या सरांच्या शिष्यांशी मी वर्गाबद्दल बोलायचं नाही हे लग्न झाल्यापासून पाळलंय, आणि आज मोडतेय. तू सगळ्यांत जुना म्हणून तुला.

यांना विसरायचा आजार झालाय. आधी मला वाटलं वय झालं. मग एकदा हे कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ता विसरले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढतच जाणार. यांना स्वतःला काही माहीत नाही. डॉक्टर वर्ग मात्र बंद करू नका म्हणाले, शरीराला सवयीचं आहे तेवढं चालू राहू दे.

पण एक गोष्ट सगळ्यांना सांगितलीच पाहिजे. हे हात धरतात आणि सोडायचं विसरतात. परवा बोलता बोलता माझं मनगट पिरगाळून धरलं. मी ओरडले, तर माझ्याकडे बघत राहिले, मी का ओरडतेय ते यांना कळेना. तुमच्यात हात आपटला की सोडायचं असतं ना? ते यांच्या डोक्यातून जातंय. कोणाचं हाड मोडायच्या आत तू सगळ्यांना लिही. तू लिहिलंस तर ते ऐकतील, मी सांगितलं तर सरांचा अपमान वाटेल. विशेषतः चष्मेवाल्याला लिही. त्याचं पोट हातावर आहे.

तुझी,
काकू

*

२२ जानेवारी

चष्मेवाल्या,

पत्र मिळालं. अक्षर सुधार, कोंबडीचे पाय दिसतात.

तुला इतकी वर्षं होऊन एवढंही कळू नये याचं वाईट वाटलं. सर तुला पारखतायत. तिसऱ्या पायरीआधी ते प्रत्येकाला पारखतात, फक्त तऱ्हा वेगळी. माझ्याशी चार महिने बोलले नाहीत, तुला ओळखत नाहीत. तुझं भाग्य मोठं समज. नवीन म्हणाले ना? मग नवीन हो. काळा पट्टा कपाटात ठेव, पांढरा बांध, रांगेच्या शेवटी बस. कोणी विचारलं तर गप्प राहा. सरांना तर चुकूनही आठवण करून द्यायची नाही. एक शब्द बोललास की एकवीस वर्षं पाण्यात.

आणि मधल्या एखाद्या दिवशी तुला ओळखतात म्हणून गाफील राहू नकोस, तोही परीक्षेचाच भाग आहे.

तू जुना विषय मनात ठेवून असशील तर सांगतो, मी ठेवलेला नाही. आपल्या वर्गातल्या त्या पोस्टमनने हात आपटला तरी मी त्याचा खांदा सोडला नाही, असं तू सरांना जाऊन सांगितलंस आणि माझी चौथी पायरी अडली. सहा वर्षं झाली. मी तुला कधी काही बोललो? नाही. सोसणं म्हणजे काय, ते त्यावरून शिक.

दादा

*

२२ जानेवारी

आदरणीय काकू,

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही काळजी करू नका. सगळ्यांना एकेक करून कळवलं आहे. चष्मेवाल्याला तर सविस्तर लिहिलं. सरांसाठी वाटेल ते सोसेन, असं तो म्हणतो. मनाने चांगला आहे.

एकच विनंती. तुम्ही स्वतः मुलांपाशी हा विषय काढू नका. ती अवघडतील, आणि सरांच्या लक्षात येईल.

जाता जाता लिहितो. सरांच्या कपाटात माझ्या चौथ्या पायरीचा कागद पडून आहे, फक्त सही राहिलीय. इथे स्वतःचा वर्ग काढायचा तर तो लागेल. एखाद्या चांगल्या सकाळी सरांपुढे ठेवाल का? घाई नाही.

तुमचा मुलगाच,
दादा

*

३ मार्च

दादा,

नमस्कार. तुमचं पत्र खिशात घेऊन हिंडतो. तुम्ही सांगितलं नसतं तर मी मूर्खासारखा सरांना विचारून बसलो असतो.

पांढरा पट्टा बांधून आता पाच आठवडे झाले. पहिल्या दिवशी शेवटी जाऊन बसलो तेव्हा रांगेतून कुजबुज गेली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी खालचे माझ्या पुढे. आता मीच सगळ्यांच्या चपला बाहेर तोंड करून लावतो, मॅट पुसतो, पाण्याचा पिंप भरतो. घरी हिने पांढरा पट्टा वाळत घातलेला पाहिला आणि विचारलं, तुम्हाला नापास केलं का? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, देवाची कृपा.

दादा, खरं सांगू, पहिले दोन आठवडे रडू यायचं. मग बरं वाटायला लागलं. सर नवीन माणसाशी किती गोड वागतात ते मी विसरलो होतो. कसं बसायचं, कसं वाकायचं, पडताना हनुवटी कशी छातीशी घ्यायची, सगळं दर वेळी पहिल्यापासून. "घाबरू नका, पहिला दिवस सगळ्यांना जड जातो." हा पहिला दिवस मला अकरा वेळा मिळालाय.

आपल्यातली ती दातांची डॉक्टर, हिरव्या पट्ट्याची, परवा चपला घालताना हळूच म्हणाली की सरांची तब्येत बरी दिसत नाही, कोणीतरी काकूंशी बोलायला हवं. मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, इथे सर आपल्याला तपासतात, आपण सरांना नाही. बिचारी तशीच चपला अडकवून निघून गेली.

एक अडचण आहे, लिहू की नको असं होतंय. नवीन माणूस म्हणून सर दर वेळी मलाच पुढे बोलावतात आणि दर वेळी तीच पहिली मनगटाची पकड दाखवतात. उजव्या हाताची. नेहमी उजव्याच. आणि सोडत नाहीत. मी हात आपटतो, दोनदा, चारदा, सर इतरांना समजावत उभे. मनगट सुजलंय. दुकानात चष्म्याच्या काडीचा स्क्रू फिरवताना अंगठ्यातून कळ जाते. काल एका म्हातारबुवांच्या भिंगाला घासताना ओरखडा आला, दुसरं करून द्यावं लागलं. थोडं आधी हात आपटला तर चालेल का? की सरांना डावा हात पुढे करू?

तुमचा,
चष्मेवाला

*

११ मार्च

चष्मेवाल्या,

इतके आठवडे छान चाललं होतं आणि आता तू हिशेब मांडायला लागलास. उजवा की डावा, आधी की नंतर. सर हात मागतील तो द्यायचा.

आणि हात आपटण्याचं म्हणशील तर विचार कर. सर ऐकत नाहीत असं तुला वाटतं. पन्नास वर्षं ज्या माणसाने हात आपटलेला ऐकला, त्याला आता ऐकू येत नाही? त्यांना ऐकू येतंय. ते वाट बघतायत, तू आपटायचं कधी थांबतोस याची. हात आपटणं म्हणजे सरांना सांगणं, पुरे करा. गुरूला पुरे करा कोण म्हणतं? पोस्टमन म्हणतो.

पुढच्या वेळी आपटू नकोस. शांत राहा, श्वास सोड. एकदा तू न आपटता राहिलास की परीक्षा संपली. अगदी तोंडाशी आला आहेस, आता कच खाऊ नकोस.

दातांच्या डॉक्टरला गप्प केलंस हे उत्तम केलंस.

दादा

*

२ एप्रिल

दादाभावजी,

हे सांगतायत आणि मी लिहितेय, कारण यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे.

हे सांगतायत की, नमस्कार, तुमच्या शब्दाप्रमाणे वागलो. सरांनी पकड घेतली, मी हात आपटला नाही. श्वास सोडला. सर समोरच्यांना सांगत होते की पकड हळुवार असली पाहिजे, जोर लावायचा नसतो. मग आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला. सरांनी तरी सोडलं नाही, दातांच्या डॉक्टरने दोन्ही हातांनी त्यांची बोटं उघडली. हे सांगतायत की नियम मोडून ती मॅटवर उभी राहिली याबद्दल तिला रागावू नये.

आता माझं. मला तुमच्यातलं काही कळत नाही, म्हणून सरळ विचारते. दवाखान्यात यांनी सांगितलं की जिन्यावरून पडलो. डॉक्टर म्हणाले, जिना कोणाचं मनगट असं पिरगाळत नाही. दोन हाडं मोडलीत. भिंगं घासायची, स्क्रू बसवायचे, ते कोणी करायचं? मी करतेय, आणि गिऱ्हाइकांना कानावर टोचणारे चष्मे देतेय. तुमचे सर ठीक आहेत ना? मी काकूंना विचारायला निघाले होते, तर यांनी माझा हात धरला, तो डाव्या हाताने. म्हणाले, दादांना विचार, दादा सांगतील ते. म्हणून विचारतेय.

हे विचारतायत की परीक्षा संपली का.

*

९ एप्रिल

चष्मेवाल्या,

शाबास. तुझ्या बायकोला सांग की सर ठणठणीत आहेत, आणि आपल्या गोष्टींत घरच्यांनी पडू नये. काकूंना त्रास देऊ नका, त्या आधीच थकलेल्या असतात.

परीक्षा संपली असं मी म्हणणार नाही, ते सर म्हणतील. प्लास्टर असलं तरी वर्गाला जा, शेवटी बस. डावा हात आहेच.

हाड जुळतं. माझी सहा वर्षं कुठे जुळली?

दादा

*

२० एप्रिल

प्रिय चष्मेवाल्या,

काल बाजारात तू मला पाहून वाकलास आणि प्लास्टरचा हात पाठीमागे लपवलास. मी विचारलं तर म्हणालास, जिना. मग तुझी बायको माझ्याकडे आली आणि चार वाक्यांत सगळं बोलून गेली.

मी रात्रभर बसून आठवत होते की माझं काही चुकलं का. मी जानेवारीतच तुझ्या दादाला लिहिलं होतं. यांना विसरायचा आजार आहे, हे माणसं विसरतात, हात धरून सोडायचं विसरतात, सगळ्यांना सांग, चष्मेवाल्याला आधी सांग. त्याने उत्तर दिलं की सगळ्यांना सांगितलं, तुला सविस्तर लिहिलं. ते पत्र सोबत ठेवतेय, अक्षर तू ओळखशील. तुम्हाला सगळं माहीत आहे असंच मी धरून चालले. तू पांढरा पट्टा बांधून शेवटी बसतोस हे मला कळलं, तेव्हा मी म्हटलं, किती शहाणा मुलगा, यांना बरं वाटावं म्हणून करतोय.

बाळा, तुला माहीत होतं का? नव्हतं ना?

यांना काही बोलू नकोस. यांना आजाराचं ठाऊक नाही. वर्ग मी हळूहळू बंद करीन, काहीतरी निमित्त काढून.

काकू

*

२ जून

दादा,

डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराचं या वेळी काही म्हणू नका. प्लास्टर निघालंय. हाड वाकडं जुळलं. हात पेला धरतो, जेवायला चालतो. स्क्रू धरत नाही. भिंगं आता बाहेरून घासून आणतो आणि दुकानात मी नुसता डोळे तपासतो.

काकूंचं पत्र आलं त्या दिवशी मी तुमची तीनही पत्रं शेजारी लावून वाचली. तुम्हाला शिव्या द्यायला बसलो तर एकही पुरी पडेना. तुम्ही खोटं असं फार कमी लिहिलंय. मला हवं होतं तेच लिहिलंत. सर मला पारखतायत, मी त्यांच्या लेखी पारखण्याइतका आहे, हे मला ऐकायचं होतं. तुम्ही ते ओळखलंत आणि मी गाढवासारखा मागे आलो. ती दातांची डॉक्टर मला मनगट मोडायच्या आधीच खरं सांगत होती, तिला मी गप्प केलं. ते पाप तुमच्या माथी मारता येत नाही.

पुढचं तुम्हाला कोणी कळवलं नसेल. काकूंनी हात जोडून सांगितलं होतं की सरांना काही बोलू नकोस. पुढच्या मंगळवारी मी काळा पट्टा घेतला, हिच्याकडून बांधून घेतला आणि जाऊन रांगेत पहिला बसलो. सर आले. थांबले. "नवीन का तुम्ही?"

मी उभा राहिलो. सर उभे असताना, न सांगता. आणि म्हणालो, "नाही सर. मी एकवीस वर्षं जुना आहे. तुम्हाला विसरायचा आजार झालाय. माझं मनगट तुम्ही मोडलंत, आणि सोडायचं विसरलात."

अकरा जणांसमोर. हळू सांगता आलं असतं, बाहेर सांगता आलं असतं, न सांगता तर सहज राहता आलं असतं. काकूंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता तरी मी बोललो. मला कोणालातरी दुखवायचं होतं. तुम्ही लांब होतात, सर समोर होते.

सरांनी रांगेला विचारलं, "खरं आहे हे?" सगळे जमिनीकडे बघत राहिले. त्या गप्प बसण्यावरून सरांना कळलं. मी पाहिलं दादा, त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. घरी यायचा रस्ता, काकूंचे बाजूला होऊन केलेले फोन, काकूंनी हिला सांगितलेलं सगळं एकदम जागेवर बसताना दिसलं मला त्यांच्या तोंडावर. मग ते गुडघ्यांवर बसले आणि माझ्यासमोर वाकले. कपाळ मॅटला टेकवून. गुरू शिष्यासमोर आधी वाकला असं मी कधी पाहिलेलं नाही. आम्ही सगळे घाईघाईने वाकलो.

आणि सर उठेनात. तुम्हाला नियम माहीत आहे, सरांनी डोकं उचलल्याशिवाय कोणी उचलायचं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाय बधिर झाले. कोणीतरी मुसमुसत होतं. मी कपाळ टेकवून विचार करत होतो की सर उठायचं विसरलेत की त्यांना उठायचंच नाहीये, आणि दोन्हींत मला कुठलं जास्त आवडेल. शेवटी दातांची डॉक्टरच उठली आणि काकूंना बोलावून आणलं. त्या चपला घालूनच मॅटवर आल्या. त्यांनी सरांना उठवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घरी घेऊन गेल्या. हॉलला त्या दिवशीपासून कुलूप आहे.

तुमच्या कागदावर सरांची सही झाली. काकूंनी तो माझ्याकडे पाठवला, तुम्हाला पत्र लिहायची त्यांची इच्छा नाही. सर हल्ली पुढे ठेवलेल्या कशावरही सही करतात, दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा. कागद सोबत आहे. भिंतीवर लावा.

राहता राहिलं एक. सर वर्ग विसरले. तुम्हाला विसरले, मला तर कधीचेच. काकूंना अधूनमधून "बाई" म्हणतात. पण माझं ते एक वाक्य त्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. डॉक्टर म्हणतात, असं एखादं राहतं, का ते सांगता येत नाही. रोज सकाळी उठले की काकूंना विचारतात, "मी कोणाचा तरी हात मोडला. कोणाचा?" काकू सांगतात, बरा झाला तो. ते म्हणतात, मग दाखव. आणि मग दिवसभर दाराशी बसून राहतात, येणाऱ्याजाणाऱ्याचे हात बघत.

काकूंनी निरोपावर निरोप पाठवलेत, की एकदा ये, हात त्यांच्या हातात दे, बरा झालाय एवढंच म्हण. त्यांचं घर माझ्या दुकानाच्या रस्त्यावर आहे. मी रोज तिथून जातो, हात खिशात घालून, पलीकडच्या कडेने.

मी अजून गेलेलो नाही.

चष्मेवाला